सुपरमॅन पाचव्या अंकानंतर

सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या डीसी या अमेरिकन प्रकाशकाच्या ‘फायनल क्रायसिस’ या कॉमिक मालिकेत बंदुकीची एक गोळी आहे. ती सुटते कथेच्या शेवटाकडे आणि लागते सुरुवातीलाच. पहिल्या अंकात मेट्रोपोलिसच्या गोदीत डॅन टर्पिन या जुन्याजाणत्या डिटेक्टिव्हला ओरायन सापडतो. ओरायन म्हणजे नव्या देवांमधला लढवय्या, आणि तो शेवटच्या घटका मोजतोय. देवाला मारलं कुणी, कशाने, याचा शोध सुरू होतो. पुढे गोळी हाती येते तेव्हा बॅटमॅनच्या लक्षात येतं की ही काळातून उलटी आलेली आहे. खून आधी झालाय, चाप नंतर ओढला जाणार आहे.

आता अशी गोष्ट ‘बरोबर क्रमाने’ वाचायची तर सुरुवात कुठून धरायची?

हा प्रश्न मला पडायचं कारण माझी भाची. ती मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचून वाढलेली. तिच्या कपाटात एकेका मालिकेचे खंड ओळीने उभे असतात, पाठीवर आकडे, एक संपला की दोन. एक लेखक, एक गोष्ट, एक रांग. तिने कुठूनतरी ‘फायनल क्रायसिस’चा संग्रह मिळवला, पहिली पन्नासेक पानं वाचली आणि फोन केला.

“मावशी, हे लोक मधूनच असे का बोलतात, जणू मला सगळं माहितीये?”

“कारण त्यांना वाटतं तुला सगळं माहितीये.”

“मग आधीचं कुठलं वाचू? आणि यावर सरळ एक-दोन-तीन का नाही लिहिलेलं?”

लिहिलेलं असतं. अडचण अशी की प्रत्येक मासिक आपले आकडे वेगळे लिहितं. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक म्हणजे एकाच वेळी चालणारी डझनावारी मासिकं, प्रत्येकाचे लेखक-चित्रकार वेगळे, आणि सगळ्यांचं जग मात्र एक. बॅटमॅनच्या मासिकात गॉथम बुडालं तर सुपरमॅनच्या मासिकात निदान पाय तरी ओले व्हायला हवेत, अशी अपेक्षा. अधूनमधून प्रकाशक या सगळ्यांना एकाच संकटात ओढतो. एक मुख्य मालिका, तिच्या आजूबाजूला खास अंक, आणि नेहमीच्या मासिकांचे त्या संकटाला जोडलेले अंक, म्हणजे टाय-इन. हाच क्रॉसओव्हर. यात कथेची हौस किती आणि गल्ल्याची किती हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते एक डोळा नेहमीच गल्ल्यावर असतो, पण म्हणून दुसरा डोळा आंधळा असतो असंही नाही.

वाचकाचे हाल होतात हे प्रकाशकांनाही ठाऊक आहे. डीसीने 1991 पासून सुपरमॅनच्या मासिकांच्या मुखपृष्ठावर एक छोटासा त्रिकोण छापायला सुरुवात केली. त्या काळात सुपरमॅनची चार मासिकं निघत, दर आठवड्याला एक, आणि गोष्ट एकातून दुसऱ्यात वाहत जाई. त्रिकोणात वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रमांक. मासिकाचं नाव विसरा, त्रिकोण बघा, पुढचा उचला. दहाहून जास्त वर्षं हे चाललं. इतका साधा, इतका सज्जन उपाय मी कॉमिकच्या धंद्यात दुसरा पाहिलेला नाही. अलीकडे 2019 मध्ये डीसीच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलने जोनाथन हिकमन यांच्या एक्स-मेनच्या दोन मालिका एकमेकींत गुंफून काढल्या, सहा अंक हिचे, सहा तिचे, आणि अंकाच्या मागे वाचनक्रमाचा तक्ताच छापला. पण तिथे दोन्हींचा लेखक एकच होता. जिथे दहा लेखक, दहा संपादक आणि वेळेवर चित्रं न देणारे चार चित्रकार असतात, तिथे त्रिकोण कोण काढणार?

मग ते काम वाचक करतात. याद्या बनवतात. आणि बहुतेक याद्यांमागे एकच विचार असतो: कथेच्या जगात जे आधी घडलं ते आधी वाचायचं. या विचाराशीच माझं भांडण आहे.

1984 चं ‘सीक्रेट वॉर्स’ घ्या. मार्व्हलची बारा अंकांची मालिका, लेखक जिम शूटर. झालं काय, की सगळे नायक एका दूरच्या ग्रहावर ओढले जातात आणि तिथे वर्षभर, म्हणजे आपलं वर्षभर, लढत राहतात. पण त्यांच्या त्यांच्या मासिकात ते पुढच्याच महिन्यात घरी परत आलेले दिसतात. स्पायडरमॅन परततो तो काळा पोशाख घालून. मे 1984 तारखेच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 252 व्या अंकात तो काळ्यात आहे, आणि तो पोशाख त्याला मिळाला कसा हे ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकात कळतं, त्यावर तारीख डिसेंबरची. मधले सात महिने वाचक काय काय तर्क लढवत बसले असतील! कालक्रम लावायचा तर आधी सगळे बारा अंक आणि मग 252 वा. तसं वाचलं तर चूक काहीच नाही. पण त्या पोशाखाभोवतीचं सगळं गूढ तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकलेलं असतं. पोशाख येतो, सुरेख दिसतो, स्पायडरमॅन घरी जातो. झालं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्ध सुरू व्हायच्या बेतात असतं, आणि एकदम संजय रणांगणावरून धावत येऊन धृतराष्ट्राला सांगतो की भीष्म पडले. दहा दिवसांची लढाई झालेली आहे. धृतराष्ट्र कोसळतो, आणि मग विचारतो, कसं झालं, पहिल्यापासून सांग. गीता येते ती त्यानंतर. भीष्म पडणार हे आपल्याला माहीत असताना अर्जुन त्यांच्यावर बाण सोडायला नकार देत असतो. कुणी शहाण्याने पर्व नीट लावून द्यायचं म्हणून भीष्मांचं पडणं उचलून दहाव्या दिवसाच्या जागी नेऊन ठेवलं तर धृतराष्ट्राचा सगळा आकांतच निघून जाईल. तो राजा ऐकतोय म्हणून ती कथा तशी आहे.

तेव्हा यादी करताना मी प्रत्येक अंकाला एकच गोष्ट विचारते: हा वाचल्यावर वाचकाला काय कळेल, आणि ते त्याला आत्ता कळायला हवं का? कधी कधी न कळणंच हवं असतं.

‘फायनल क्रायसिस’ याला फार चांगला नमुना आहे, कारण तो भयंकर विस्कटलेला आहे. मुख्य मालिका सात अंकांची, मे 2008 ते जानेवारी 2009. लेखक ग्रँट मॉरिसन. चित्रं सुरुवातीला जे. जी. जोन्स यांची, पुढे मदतीला कार्लोस पाचेको, आणि सातव्या अंकापर्यंत येता येता डग मानके. थोडक्यात गोष्ट अशी की या वेळी दुष्टपणाच जिंकतो. डार्कसाइड हा देव आपल्याच लोकांशी लढता लढता काळातून खाली कोसळतो आणि पृथ्वीवर माणसाच्या शरीरात येऊन वसतो. कुणाच्या, तर त्या पहिल्या अंकातल्या बिचाऱ्या टर्पिनच्या. त्याच्याकडे एक समीकरण आहे, जीवनविरोधी समीकरण. ते कानावर पडलं की माणसाची इच्छाच संपते. तिसऱ्या अंकात ते फोनवरून, ई-मेलमधून जगभर सोडलं जातं. चौथ्या अंकात आपण पोहोचतो तेव्हा पृथ्वी बहुतेक हरलेली असते.

आता भोवतालचा पसारा. आदल्या वर्षी ‘काउंटडाउन’ नावाचं साप्ताहिक चाललं, त्याचे अंक उलटे, 51 पासून 1 पर्यंत. नावावरून वाटतं की ही फायनल क्रायसिसची पूर्वकथा. कितीतरी याद्या तिथूनच सुरू होतात. माझा सल्ला: हात लावू नका. मॉरिसन यांची फायनल क्रायसिसची आखणी काउंटडाउनच्या आधीच झालेली होती आणि दोन्हींचा मेळ कुणी घातलाच नाही. ओरायन आणि डार्कसाइड यांचा शेवटचा सामना तिथे एका तऱ्हेने उरकतो आणि इथे भलत्याच तऱ्हेने सुरू होतो. एक्कावन्न अंक वाचून मिळतं काय, तर गोंधळ, तोही विकतचा.

मग ‘डीसी युनिव्हर्स झिरो’ हा छोटा अंक. स्वस्त, चुणचुणीत, सुरुवातीला वाचावा असाच वाटणारा. तोही नको, आणि याचं कारण जरा विस्ताराने सांगायला हवं. 1985 च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये, म्हणजे मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या त्या बारा अंकी महाकाय प्रकरणात, बॅरी ॲलन, म्हणजे वाऱ्याच्या वेगाने धावणारा नायक फ्लॅश, मेला. कॉमिकमध्ये मेलेले लोक सहसा वर्ष-दोन वर्षांत उठून बसतात. बॅरी मात्र वीस वर्षांहून अधिक काळ मेलेलाच राहिला. त्याच्या बायकोचा भाचा वॉली फ्लॅश झाला, वाचकांची एक अख्खी पिढी वॉलीलाच फ्लॅश मानून मोठी झाली. आणि फायनल क्रायसिसच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती उलटी धावणारी गोळी हवेतून प्रकट होते, तिच्या मागे धावत बॅरी येतो आणि ओरडतो, पळा! ते पान उलटताना छातीत धस्स व्हायला हवं. ‘झिरो’ अंकातला निवेदक कोण हे शेवटी उघड होतं, आणि तो बॅरी असतो. म्हणजे दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान तुम्ही आधीच खाऊन बसता.

याच न्यायाने ‘रिक्विएम’. पहिल्या अंकात मंगळाचा रहिवासी मार्शियन मॅनहंटर, जस्टिस लीगचा जुनाजाणता सभासद, मोजक्या चौकटींत भाल्याने मारला जातो. ना झुंज, ना शेवटचे शब्द. पीटर टोमासी आणि डग मानके यांनी मग त्याच्या मरणावर आणि अंत्यविधीवर एक स्वतंत्र अंक केला, तो ‘रिक्विएम’. चांगला आहे. डोळे ओले करतो. बहुतेक याद्यांत तो पहिल्या अंकाला चिकटून असतो, कारण घटना तिथली. पण ते मरण क्रूर वाटतं ते त्याच्यासाठी कुणाला थांबायला वेळ नसतो म्हणून. पुढच्या पानावर जग पुढे गेलेलं असतं. लगेच शोकसभा भरवली तर तो चटका निवतो. ‘रिक्विएम’ सगळं संपल्यावर वाचावा. सुतक उशिराही पाळता येतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून माझं आणि भाचीचं वाजलं. ‘सुपरमॅन बियाँड’.

दोन अंकांचं हे प्रकरण. मूळ अंकांसोबत लाल-निळ्या काचांचा पुठ्ठ्याचा चष्मा यायचा, कारण त्यातली बरीच पानं थ्रीडी आहेत. मुख्य मालिकेच्या दुसऱ्या अंकाच्या अखेरीस डेली प्लॅनेट या वर्तमानपत्राच्या इमारतीत स्फोट होतो, सुपरमॅनची बायको लोइस जबर जखमी होते, आणि सुपरमॅन तिच्या उशाशी बसून तिला कसंबसं जगवत असतो. तिथे एक परकी बाई येते आणि म्हणते, माझ्याबरोबर चल, तुझी लोइस वाचेल. काळ थांबतो, लोइसच्या दोन ठोक्यांच्या मधे, आणि सुपरमॅन विश्वांच्या बाहेर निघून जातो. बाहेर म्हणजे कुठे, तर विसरलेली पात्रं जिथे जाऊन पडतात अशा एका ओसाड जागी. तिथे एक ग्रंथालय आहे, त्यात एकच पुस्तक, आणि त्या पुस्तकाला अनंत पानं, कारण लिहिता येण्याजोगं प्रत्येक पुस्तक त्याच्यातच आहे. (रीडिंग ऑर्डरच्या याद्या करणाऱ्यांनी या पानापाशी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.) शेवटी तो परत येतो तो तोंडात एक थेंब धरून, आणि लोइसला चुंबन देऊन तो थेंब तिला देतो. एवढ्या विराट उलाढालीचा शेवट त्या एका थेंबात. मला हा भाग फार आवडतो.

प्रश्न फक्त जागेचा. हे दोन अंक टाळता येत नाहीत. सातव्या अंकात मँड्रॅक नावाचा रक्तपिपासू खलनायक उगवतो, आणि ‘बियाँड’ वाचलेलं नसेल तर हा कोण, कुठून आला, डार्कसाइड मेल्यावर याचं काय काम, काही म्हणजे काही कळत नाही. 2008-09 मध्ये मुख्य मालिकाच घेणाऱ्यांची हीच तक्रार होती, आणि रास्त होती. त्यातून ‘बियाँड’चा पहिला अंक आला ऑगस्ट 2008 मध्ये आणि दुसरा थेट जानेवारी 2009 मध्ये, सातव्या अंकाच्या तोंडावर. पाच महिने सुपरमॅन विश्वाबाहेर लटकलेला.

मॉरिसन यांनी स्वतः जो क्रम सुचवला तो असा: पहिले तीन अंक, मग ‘सुपरमॅन बियाँड’ दोन्ही, मग ‘सबमिट’ हा एक खास अंक, मग चौथा-पाचवा, मग ‘बॅटमॅन’ मासिकाचे 682 आणि 683, आणि शेवटी सहावा-सातवा. संग्रहही साधारण याच वळणाने जातो. लेखकाने सांगितलंय म्हटल्यावर विषय संपायला हवा.

पण मला विचाराल तर ‘बियाँड’ची जागा पाचव्या अंकानंतर. लेखकाचा क्रम कालक्रमाने अचूक आहे, सुपरमॅन तिसऱ्यानंतरच जातो. पण चौथ्या आणि पाचव्या अंकात जग कोसळत असताना सगळ्यात जास्त जाणवतं काय, तर तो नाहीये. वंडर वुमन शत्रूकडे गेलेली, बॅटमॅन पकडलेला, उरलेसुरले नायक दारं लावून बसलेले, रस्त्यावर चेहरे नसल्यासारखी माणसं. आणि प्रत्येकाच्या मनात एकच: सुपरमॅन कुठेय? ही माणसं जितकी अंधारात आहेत तितकंच वाचकानेही अंधारात असावं. ‘बियाँड’ आधी वाचलं की तुम्हाला माहीत असतं, तो कुठे जाऊन आला, त्याने काय मिळवलं, लोइस वाचली. मग चौथा अंक वाचताना तुम्ही निवांत असता. जगाचा अंत निवांतपणे वाचण्यात काय मजा?

भाचीला मी हे कारण सांगितलंच नाही. फक्त म्हटलं, तीन अंक वाच, मग ‘सबमिट’, मग चार-पाच, मधली चष्म्याची पानं सोड. ‘सबमिट’ कशाला, तर त्यात ब्लॅक लाइटनिंग हा नायक टॅटूड मॅन या एका फुटकळ गुंडाच्या बायकापोरांना वाचवतो, आणि त्याच्यामार्फत एक खूण पुढे जाते. तीच खूण चेहऱ्यावर रंगवली की समीकरणाचा अंमल चालत नाही. पुढच्या अंकांत लोक तोंडं रंगवून का फिरतात हे त्याशिवाय कळत नाही. आणि हा अंक रस्त्यावरचा आहे. देवांच्या गोष्टीत एका गुंडाचं घर दिसतं, त्याची मुलं दिसतात. मला वाटतं अख्ख्या प्रकरणात सामान्य माणसाची भीती सगळ्यात नीट इथेच उतरली आहे.

दोन दिवसांनी रात्री फोन.

“मावशी, सुपरमॅन गेलाय कुठे?”

“कितवा झाला?”

“पाचवा संपला. डार्कसाइड बोलतोय, सगळे त्याच्या आवाजात बोलतायत. आणि हा गायब! लोइसपाशी होता ना? दोन अंक झाले, कुणी नावच घेत नाही.”

“आता चष्म्याची पानं वाच.”

थोडा वेळ काहीच नाही. मग, “तू हे मुद्दाम केलंस.”

अर्थात मुद्दाम. तिचं म्हणणं असं की यात लेखकावर कुरघोडी आहे. तो सांगतो तिसऱ्यानंतर, तू कोण पाचव्यानंतर सांगणारी? शिवाय पाचव्याच्या शेवटी गोष्ट इतकी ताणलेली असते, तिथे साठेक पानांची वैश्विक तीर्थयात्रा घुसवायची म्हणजे वाचकाचा छळ. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, मान्य. पण त्या जागी एरवीही थांबावं लागतंच, कारण बॅटमॅनचे दोन अंक तिथेच येतात. आणि ते शेजारी शेजारी ठेवले की एक गंमत होते.

बॅटमॅनचं सांगते. त्याच्या मासिकात त्या वेळी ‘बॅटमॅन आर.आय.पी.’ चालू होतं, लेखक मॉरिसनच. 2008 मध्ये अंक विकत घेणाऱ्याला बॅटमॅन जूनमध्ये फायनल क्रायसिसच्या दुसऱ्या अंकात पकडलेला दिसला, नोव्हेंबरमध्ये आर.आय.पी.च्या शेवटी हेलिकॉप्टरच्या स्फोटात गेलेला दिसला, आणि जानेवारीत फायनल क्रायसिसच्या सहाव्या अंकात मेलेला दिसला. कथेत घडलं ते असं: आधी हेलिकॉप्टर, मग पकडणं, मग मरण. हा सांधा जुळवतात ते 682 आणि 683 हे दोन अंक. डार्कसाइडच्या माणसांनी बॅटमॅनला यंत्राला जुंपलंय, त्याच्या आठवणी उपसतायत, त्यातून बॅटमॅनांची फौज पैदा करायची आहे. बटलर आल्फ्रेडच्या तोंडून त्याचं अख्खं आयुष्य झरझर सरकतं. आणि बॅटमॅन आपलं दुःखच शस्त्र म्हणून वापरतो. त्याच्या आठवणी त्या नकली शरीरांना झेपतच नाहीत. ते दोन अंक फायनल क्रायसिसच्या नावाने आले नाहीत, संग्रहातही आधी ते आर.आय.पी.च्या पुस्तकात गेले. म्हणजे एका पुस्तकात पकडलेला माणूस दुसऱ्या पुस्तकात सुटत होता. नंतरच्या आवृत्तीत ते जागेवर आणले गेले, बरं झालं.

तर माझ्या क्रमाने पाचव्यानंतर काय होतं? दोन माणसं नाहीशी झालेली आहेत. आधी एकाची गोष्ट, तो विश्वाबाहेर. मग दुसऱ्याची, तो स्वतःच्याच डोक्यात कोंडलेला. एक सगळ्यात बाहेर, एक सगळ्यात आत. आणि मग सहावा अंक. बॅटमॅन सुटतो, ओरायनला लागलेली तीच गोळी बंदुकीत भरतो, आणि बंदूक हातात न धरण्याचा आयुष्यभराचा नेम या एकदा मोडून डार्कसाइडवर झाडतो. डार्कसाइडचे किरण त्याला गाठतात. शेवटच्या पानावर सुपरमॅन ढिगाऱ्यातून येतो, हातात बॅटमॅनचा जळालेला देह. दोघांचे रस्ते एकमेकांना मिळतात ते इथे. मॉरिसन यांच्या क्रमात या दोन गोष्टींच्या मधे तीन अंकांचं अंतर पडतं, आणि शेवटच्या पानावर येईपर्यंत सुपरमॅनचा प्रवास जुना झालेला असतो.

भाची म्हणाली, “हे तू नंतर सुचून चिकटवलंयस.” असेलही. पण तिला ते पान आवडलं, हे मी तिच्या आवाजावरून ओळखलं.

सातव्या अंकाबद्दल कुठलीच यादी मदत करू शकत नाही. तो स्वतःच फुटलेल्या आरशासारखा आहे. मधूनच सुरू होतो, दुसऱ्याच विश्वातला सुपरमॅन दिसतो, मग मागे जातो, लोइस डेली प्लॅनेटचा शेवटचा अंक लिहिते आणि तो रॉकेटमध्ये घालून सोडला जातो, सुपरमॅन गातो आणि त्या सुराने डार्कसाइडचा उरलासुरला अंश विरतो. ज्यांना कथा रांगेत लागते त्यांनी इथे कपाळावर हात मारला. मला वाटतं काळच मोडलेला असताना शेवटचा अंक सरळ चालला असता तर तेच खोटं वाटलं असतं. तरीही तक्रार एक आहे: मँड्रॅकला संपवायला जितकी पानं दिली तितकीच अजून द्यायला हवी होती. एवढं ‘बियाँड’ वाचायला लावलंत, मग शेवट असा घाईत का?

उरलेल्यांचं पटकन. जेफ जॉन्स यांचं ‘रोग्ज रिव्हेंज’, तीन अंक, फ्लॅशच्या शत्रूंचं, कुठल्याही रविवारी स्वतंत्र वाचता येईल इतकं नेटकं. ग्रेग रुका यांचं ‘रेव्हेलेशन्स’ त्यांचं आधीचं लेखन वाचलेल्यांसाठी. ‘लीजन ऑफ थ्री वर्ल्ड्स’, पाच अंक, जॉर्ज पेरेझ यांच्या चित्रांसाठी पाहावं, पाहावंच, एकेका पानावर माणसं मोजता येत नाहीत; पण ते मुख्य मालिका आटोपून अर्धं वर्ष गेल्यावर पूर्ण झालं. सहाव्या अंकात सुपरमॅन एकतिसाव्या शतकात कसा, याचं उत्तर तिथे आहे असं याद्या सांगतात. एका वाक्यात पुरतं: लीजनवाल्यांनी, म्हणजे त्या शतकातल्या नायकांच्या टोळीने, बोलावलं होतं.

आमच्या वेळी या कशाचीच चैन नव्हती हे भाचीला सांगायचा मोह मी आवरला, इथे आवरत नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन अंक मिळायचे ते सुटे, कधी मुखपृष्ठाशिवाय. 1985 च्या क्रायसिसचा आठवा आधी आणि दुसरा वर्षाने, आणि बाकीचे कधीच नाहीत. बॅरी मेला हे मला तो कोण हे कळायच्या आधी माहीत होतं. त्याआधी इंद्रजालमधला मराठी वेताळ वाचायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तो तर एकविसावा वेताळ, कुठल्याही अंकापासून सुरू करा, कवटीची गुहा तिथेच. ते दिवस फार रम्य होते वगैरे मी म्हणणार नाही. अर्धवट गोष्टींचा राग यायचा. पण आधीच शेवट ठाऊक असलेली गोष्ट कशी वाचायची, याची सवय मात्र तिथे लागली.

भाचीला आता मागे जायचंय. फायनल क्रायसिसमधला मिस्टर मिरॅकल कोण, डार्कसाइड माणसांत आधीपासूनच कसा वावरत होता, याची मुळं मॉरिसन यांच्याच 2005-06 च्या ‘सेव्हन सोल्जर्स’मध्ये आहेत. 30 अंक: सुरुवातीला एक, शेवटी एक, आणि मधे सात नायकांच्या सात मालिका, प्रत्येकी चार अंकांच्या. हे सात जण एकाच लढाईत लढतात आणि एकमेकांना कधी धड भेटतही नाहीत. छापलेल्या क्रमाने वाचलं तर दर अंकाला नायक बदलतो. नायकावार वाचलं तर एकच लढाई सात वेळा जवळ येते आणि दर वेळी दार लावून घेते. तिला नायकावार हवंय, कारण ते मांगाच्या खंडांसारखं दिसतं. मी म्हणते छापलेल्या क्रमाने, फक्त फ्रँकेन्स्टाइनचे चारही अंक काढून शेवटी ठेव. शून्य क्रमांकाचा आधी आणि एक क्रमांकाचा सगळ्यात शेवटी, एवढ्यावर आमचं एकमत झालंय. मधल्या 28 वरून अजून चालू आहे.